अक्काचे उपास, आबांची सुई

लग्न होऊन मी शिंदखेड्याकडे गेले तेव्हा मला तिकडची बोली कळत नव्हती. माहेर जळगावचं, वडील शाळेत मास्तर, घरात सगळे पुस्तकी बोलायचे. सासर शिंदखेड्यापासून दोन कोसांवरच्या खेड्यात, कपाशी आणि ज्वारी पिकवणारं शेतकरी घर. पहिल्या दिवशी नवी नवरी बघायला आलेल्या बायकांनी ओसरी भरून गेली होती. सगळ्या एकदम बोलत होत्या आणि मी मान खाली घालून बसले होते. तेवढ्यात एक उंच, रुंद हाडाची बाई आली, तिनं बायकांना बाजूला सारलं, मला हाताला धरून चुलीपाशी नेलं आणि पाट सरकवला.

"आठे बठ," ती म्हणाली. "हाई तुनं घर शे. बिचकू नको."

एवढं मात्र मला कळलं.

ती माझी मोठी जाऊ. सगळं घर तिला अक्का म्हणायचं, म्हणून मीही अक्काच म्हणायला लागले. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या, त्यामुळे घर अक्काच्या हातात होतं. सासऱ्यांना आम्ही आबा म्हणायचो आणि थोरल्या दिरांना भाऊ. अक्का तेव्हा पस्तिशीची असेल. दोन मुलं झालेली, पण कामाला वाघीण. सकाळी दादर ज्वारीच्या भाकरी थापायला बसली की हातांचा आवाज परसापर्यंत यायचा. दुपारी ती शेतात, संध्याकाळी गोठ्यात. मला तिनं खापरावर मांडे टाकायला शिकवलं. माझा पहिला मांडा फाटून पुरण निखाऱ्यात पडलं, तेव्हा ती हसली नाही. तिनं फाटका मांडा स्वतःच्या ताटात घेतला. आज इतक्या वर्षांनी त्या घराची आठवण येते तेव्हा आधी आठवतो तो त्या चुलीपुढचा उजेड आणि अक्काची भरदार पाठ.

मी सातवीपर्यंत शिकलेली होते. त्या घरात माझ्या शिक्षणाचा उपयोग झाला तो आबांच्या आजारात. आबांच्या पायाला काट्याची जखम झाली आणि ती काही केल्या भरेना. भाऊ त्यांना धुळ्याला घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की हा साखरेचा विकार आहे, रोज दोन वेळा जेवणाआधी इन्शुलिनची सुई घ्यावी लागेल. सुई द्यायची कुणी, हा प्रश्न पडला. भाऊंनी एकदा प्रयत्न केला. हातात नांगर धरणारा तो माणूस, पण कातडीपाशी सुई नेली आणि खाली ठेवून दिली. माझ्या यजमानांना रक्त बघूनच घेरी यायची. शेवटी मला धुळ्याला नेलं. डॉक्टरांनी मला काचेची पिचकारी उकळायला, औषध रेषेपर्यंत ओढायला, कातडी चिमटीत धरून सुई टोचायला शिकवलं. औषधाची बाटली उन्हाळ्यात कशी सांभाळायची तेही सांगितलं. मी ती ओल्या फडक्यात गुंडाळून पाण्याच्या रांजणाशेजारी, ओल्या वाळूत रोवलेल्या मडक्यात ठेवायची.

डॉक्टरांनी एक गोष्ट मला दोनदा बजावली होती. सुई दिल्यावर म्हाताऱ्याने जेवायला उशीर केला, तर त्याला दरदरून घाम सुटेल, हात कापतील, तो भलतंसलतं बोलेल, माणसं ओळखणार नाही. घाबरायचं नाही. लगेच गुळाचं पाणी पाजायचं. साखर रक्तात कमी पडली की असं होतं, आणि ती पोहोचली की माणूस पुन्हा पहिल्यासारखा होतो.

मी मान डोलावली. तोवर असं कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे ते शब्दच राहिले.

अक्काला पहिल्यांदा झालं ते कपाशीच्या वेचणीच्या दिवसांत. मंगळवार होता, आणि मंगळवारी नि शुक्रवारी तिचा देवीचा उपास असायचा. आम्ही सगळ्या बायका सकाळीच शेतात गेलो होतो. दोन सरी वेचून झाल्या तेव्हा माझ्या लक्षात आलं की अक्का बोलत नाहीये. एरवी तिचं तोंड सारखं चालू असे. मी वळून पाहिलं तर ती ओटीतला कापूस मूठमूठ काढून जमिनीवर टाकत होती. मी जवळ गेले. तिचं लुगडं पाठीला चिकटलं होतं, कपाळावरून घाम ओघळत होता, आणि हवेत तर चांगला गारवा होता. मी हाक मारली तर तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी कुणी परकी आहे. मग ती घोगऱ्या आवाजात काहीतरी बोलू लागली. त्यातला एक शब्द दुसऱ्याला जोडत नव्हता.

बायकांनी वेचणी सोडली. एका म्हातारीनं हात जोडले आणि म्हणाली, "देवी शे तिना अंगमा."

कुणीतरी धावत जाऊन गावातून नारळ आणि गूळ आणला. अक्काच्या पायांवर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं, नारळ फोडला आणि प्रसाद म्हणून गुळाचा खडा तिच्या तोंडात घातला. थोड्या वेळानं तिनं डोळे मिटले, उघडले, आजूबाजूला पाहिलं आणि मला विचारलं, "माले काय व्हयनं व्हतं?" तिला काहीच आठवत नव्हतं. म्हातारी म्हणाली, प्रसाद घेतला आणि देवी गेली.

त्यानंतर असं दर पंधरा-वीस दिवसांनी व्हायला लागलं. बहुतेक सकाळी, आणि बहुतेक मंगळवारी नाहीतर शुक्रवारी. गावात बोलबाला झाला. मंगळवारच्या सकाळी बायका ओट्यावर येऊन बसायला लागल्या. कुणाची सून नांदत नव्हती, कुणाला मूल होत नव्हतं, कुणाचा मुलगा घर सोडून सुरतेकडे गेला होता. अक्काच्या तोंडून जे काही निघेल त्यातून त्या आपापलं उत्तर शोधायच्या. अक्काला हे आवडत नसे. शुद्धीवर आल्यावर ती ओशाळून आत निघून जायची आणि मला खोदून खोदून विचारायची की आपण काय बोललो, पदर सावरलेला होता का, भाऊंसमोर काही वेडंवाकडं केलं नाही ना. मी जमेल तेवढं लपवायची.

भाऊंनी एका भगताला बोलावलं. तो म्हणाला, देवीला उपास कमी पडतो. आठवड्याचे दोन उपास निर्जळी कर, सूर्य डोक्यावर येईपर्यंत तोंडात काही घालू नकोस. अक्कानं ते मनापासून पाळलं. आणि झटके वाढले. आता ती उपास नसलेल्या दिवशीही पहाटेपासून गप्प, सुस्त असायची. एकदा दळताना जात्याचा खुंटा हातात धरून नुसती बसून राहिली. एकदा विहिरीच्या काठावर सापडली, कळशी पाण्यात गेलेली आणि ती काठावरून वाकून बघत उभी. त्या दिवसापासून तिला एकटीला कुठे सोडायचं नाही असं ठरलं. आश्चर्य म्हणजे एवढे उपास करून ती वाळली नाही, उलट अंगानं भरत चालली होती. बायका म्हणायच्या, देवीचं तेज आहे.

मला उलगडा झाला तो आबांमुळे. एका दुपारी मी त्यांना सुई दिली आणि ताट वाढलं. तेवढ्यात बांधावरून भांडण झालं म्हणून कुणी बोलवायला आलं आणि आबा न जेवता काठी टेकत निघून गेले. ते परत आले तेव्हा दारातच अडखळले. सदरा घामानं भिजलेला, ओठ थरथरत होते. मला त्यांनी सासूबाई समजून हाक मारली आणि रागावून काहीतरी असंबद्ध बोलू लागले. मी गुळाचं पाणी केलं, वाटी त्यांच्या ओठांना लावली. पाजताना मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. ती नजर मी ओळखत होते. कपाशीच्या शेतात अक्कानं माझ्याकडे पाहिलं होतं, तीच ती नजर.

आबा ताळ्यावर आले, जेवले आणि आडवे झाले. मी मात्र तशीच बसून राहिले. घाम तोच, कंप तोच, बरळणं तेच, आणि गूळ पोटात गेल्यावर उतरणं तेच. पण अक्का कुठे सुई घेत होती?

मी कुणाला काही बोलले नाही. दुसऱ्या दिवसापासून अक्कावर लक्ष ठेवायला लागले. भिंतीवरच्या पंचांगात मी आबांच्या सुईची पेन्सिलीनं खूण करायची, तिथेच अक्काच्या झटक्यांची फुली मारायला सुरुवात केली. शेवटचं जेवण कधी, झटका कधी, तेही बारीक अक्षरात लिहायची. महिनाभरात दिसलं ते असं: पोट भरलेलं असताना तिला कधीच काही होत नव्हतं. मग एका शुक्रवारी सकाळी ती बोलता बोलता अडखळली, तळहात ओले झाले, तसं मी तिला आत नेलं आणि दुधात गूळ कालवून पेला पुढे केला. उपास आहे, ती म्हणाली. मी म्हटलं, माझी शपथ आहे, घ्या. ती प्यायली. बाहेर बायका वाट बघत बसल्या होत्या. त्या दिवशी देवी आली नाही.

मी यजमानांना सांगितलं, त्यांनी भाऊंना, भाऊंनी आबांना. भाऊंना ते पटलं नाही. देवाच्या कामात आपण पडू नये असं त्यांचं म्हणणं. आबा एवढंच म्हणाले, की परवा माझ्या औषधासाठी धुळ्याला जायचंच आहे, थोरल्या सुनेलाही घेऊन जा.

सर्व्हिस मोटारीनं आम्ही धुळ्याला गेलो. भाऊ, अक्का आणि मी. डॉक्टरांचा दवाखाना पांझरा नदीच्या पलीकडे होता, मागच्या बाजूला त्यांचं घर. डॉक्टर चाळिशीचे, बारीक अंगाचे, कमी बोलणारे. मी पंचांगाची पानं पुढे केली. त्यांनी ती चष्मा वर-खाली करत दोनदा वाचली आणि मग अक्काला प्रश्न विचारायला सुरुवात केली. ते प्रश्न ऐकून मला वाटलं, यांचा दुसऱ्याच कुठल्या रोग्याशी घोटाळा होतोय. गावात वैद्याचं काही औषध चालू आहे का? दारू-ताडी? भाऊंचे कान लाल झाले. कावीळ झाली होती का, हिवताप किती वेळा येतो? मग पोट दाबून यकृत पाहिलं. तोंडात, हिरड्यांवर, तळहातांच्या रेषांत काळपटपणा आला आहे का ते उजेडात नेऊन पाहिलं. मीठ फार खावंसं वाटतं का? शेवटच्या बाळंतपणात रक्त खूप गेलं होतं का, बाळाला दूध पुरलं का? वजन घटलं की वाढलं?

प्रत्येक उत्तरावर ते कागदावर एकेक शब्द खोडत होते. पुढे त्यांनीच मला समजावलं की सुई न घेणाऱ्या माणसाच्या रक्तातली साखर अशी उतरण्याची कारणं मोजकीच असतात. यकृत खराब असेल, दारू असेल, उपासमार असेल, शरीरातल्या काही ग्रंथी सुकल्या असतील. एकेक कारण बाजूला करत जायचं आणि जे उरेल त्याच्यामागे लागायचं.

त्या दिवशी मात्र त्यांनी कागद खाली ठेवला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "घरात इन्शुलिन कोण हाताळतं?"

"मी," मी म्हणाले.

"आणखी कुणी?"

"कुणी नाही."

"बाटली कुठे असते ते यांना माहीत आहे? यांनी कधी स्वतःला टोचून घेतलंय? किंवा यांना कुणी टोचलंय?"

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा मी भाऊंकडे पाहिलं. भाऊ माझ्याकडे बघत होते. धाकटी सून, शिकलेली, शहरातली, औषध तिच्या हातात, आणि घराच्या किल्ल्या मोठीच्या कमरेला. भाऊंच्या मनात काय चाललं असेल ते मला त्यांच्या तोंडावर दिसलं.

अक्का बोलली. तिनं आवाज चढवला नाही. "डाक्टरसाहेब, तिना हात माले माहीत शे," ती म्हणाली. "तुमले देखनं व्हई ते देखा."

डॉक्टर म्हणाले, बघावं तर लागेलच. अक्कानं दोन दिवस त्यांच्या घरी राहायचं, अन्न घ्यायचं नाही, फक्त पाणी. डॉक्टरांची बायको आणि एक नर्स आळीपाळीनं जवळ बसतील. मी खोलीत जायचं नाही. भाऊंनी त्याच दिवशी परत जाऊन औषधाच्या भरलेल्या आणि रिकाम्या सगळ्या बाटल्या आणून दाखवायच्या. तेवढे दिवस आबांनी सुई न घेता बेतानं जेवायचं, असा निरोपही त्यांनी दिला.

मी दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसले. माझी राहायची सोय धुळ्यातल्या एका दूरच्या नातेवाइकाकडे होती, पण झोपण्यापुरतीच मी तिकडे गेले. सकाळी उजाडताच पुन्हा बाकावर. रोगी येत होते, जात होते, पलीकडे नदीकडून धोबिणींच्या आपटण्याचा आवाज येत होता. भाऊ बाटल्या घेऊन आले. डॉक्टरांनी पंचांगातल्या खुणा आणि बाटल्या जुळवून पाहिल्या. हिशेब बरोबर निघाला. पण भाऊ माझ्या बाकावर बसले नाहीत, समोर पायरीवर बसले.

त्या बाकावर माझ्या मनात जे आलं ते मी पुढे बरीच वर्षं कुणाला सांगितलं नाही. मी देवाला म्हणत होते, तिला झटका येऊ दे. मी जवळ नसताना, सुई आणि औषध माझ्या हातात नसताना, तिला झटका येऊ दे. नाही आला तर मी जन्मभर या घरात मान वर करू शकणार नाही. जिनं माझा फाटका मांडा खाल्ला त्या बाईचं वाईट मी मागत होते. ते जाणवलं की मी पदर तोंडात कोंबून रडायची, आणि रडून झालं की पुन्हा तेच मागायची.

पहिला दिवस कोरडा गेला. अक्का थकली होती, पण बोलत होती, असं डॉक्टरांच्या बायकोनं बाहेर येऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास आतून भांडं पडल्याचा आवाज आला आणि मग तो घोगरा आवाज. मी उठून उभी राहिले. नर्स धावत डॉक्टरांना बोलवायला गेली. ते आले, दार अर्धवट उघडं राहिलं होतं, त्यातून मला दिसलं. अक्का नर्सचा हात झटकत होती, केस कपाळाला चिकटलेले. डॉक्टरांनी आधी दंडातून रक्त काढून घेतलं. एवढ्या घाईतही ते त्यांनी शांतपणे केलं. मग मोठ्या पिचकारीनं साखरेचं पाणी शिरेत हळूहळू सोडलं. पिचकारी संपायच्या आत अक्कानं मान वळवली आणि डॉक्टरांना पाहून पटकन पदर डोक्यावर ओढला.

मी बाकावर बसले ती हुंदके देतच. तिला झटका आला होता आणि मी सुटले होते. त्या दोन गोष्टी मला कधीच वेगळ्या करता आल्या नाहीत.

डॉक्टरांकडे रक्तातली साखर ताडून बघायचं काचनळ्यांचं साहित्य होतं. दोन नळ्यांतल्या निळ्या रंगांचा गडदपणा डोळ्यांनी जुळवायचा. ते तासभर खिडकीपाशी उभे होते. मग बाहेर येऊन भाऊंना म्हणाले की निरोगी माणसाच्या निम्मीही साखर नाही. उपाशीपोटी झटका, त्या वेळी रक्तात साखर कमी, आणि साखर दिली की झटका गेला, तिन्ही गोष्टी जुळल्या. बाहेरून इन्शुलिन गेलेलं नाही. म्हणजे ते तिच्या पोटातच जास्त तयार होतंय. जठराच्या मागे एक ग्रंथी असते, तिच्यात बारीकशी गाठ असणार. मुंबईला मोठ्या दवाखान्यात पोट उघडून शोधावी लागेल.

मग ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "मी विचारलं ते मला विचारावंच लागणार होतं," ते म्हणाले. "पण झटके ओळखलेत तुम्ही. मी नाही."

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्या वेळी मला त्यांचा राग होता. तो राग जायला काही वर्षं लागली, आणि गेला तेव्हा कळलं की त्यांनी माझ्यावरचा संशय तपासून बाजूला केला नसता, तर गाठीपर्यंत कुणी पोहोचलंच नसतं.

भाऊ मात्र संध्याकाळी बाजारातून केळी घेऊन आले. घड माझ्या शेजारी बाकावर ठेवला, पागोटं काढून मांडीवर घेतलं आणि बसले. माफी मागणं त्या पिढीच्या पुरुषांना जमत नसे, आणि मलाही ती नको होती.

घरी परतल्यावर मोठा वाद झाला. पोट फाडायचं म्हणजे बाई जिवानिशी जायची, असं भाऊबंदांचं म्हणणं. भगत येऊन सांगून गेला की देवी कोपेल. आबांनी अक्काला समोर बसवलं आणि विचारलं की तुझं काय म्हणणं आहे. असं तिला कुणी विचारल्याचं मी त्या घरात पहिल्यांदाच पाहत होते.

"देवी व्हई ते कापावरबी ऱ्हाई," ती म्हणाली. "गाठ व्हई ते निंघी जाई."

मुंबईला जायला दोन महिने लागले. तोवर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मी तिला दर तीन तासांनी काही ना काही खायला घालायची. रात्री झोपताना दूध-भाकरी, पहाटे उठल्याबरोबर केळं. ते दोन महिने मला फार गोड आठवतात. कधीही कुणासाठी न थांबणारी अक्का माझ्यासमोर ताट घेऊन बसायची आणि मी उभी राहून संपवायला लावायची. खाता खाता ती मला तिच्या लहानपणाच्या गोष्टी सांगायची, तापीच्या पुराच्या, मामाच्या मळ्यातल्या बोरांच्या. मला तिची बोली तेव्हा पुरती यायला लागली. एकदा मी अहिराणीत काहीतरी बोलले आणि ती पोट धरून हसली. काय चुकलं ते तिनं कधी सांगितलं नाही.

धुळ्याहून गाडीनं चाळीसगाव आणि तिथून मुंबईची गाडी. भाऊ, अक्का, मी. आबांची सुई आता यजमानांकडे आली होती. पहिल्या दिवशी त्यांनी डोळे मिटून टोचली आणि आबा म्हणाले, बाबा, निदान एक डोळा तरी उघडा ठेव.

मुंबईच्या सर्जननी स्पष्ट सांगितलं की अशा गाठीबद्दल त्यांनी वाचलं आहे, स्वतः कधी काढलेली नाही. ती सापडेलच असंही नाही. भाऊंनी माझ्याकडे बघितलं आणि मी अक्काकडे. अक्का म्हणाली, करा. शस्त्रक्रियेच्या दिवशी आम्ही दोघं लांबलचक व्हरांड्यात बसलो होतो. तीन तास झाले, चार झाले. शेवटी सर्जन बाहेर आले आणि त्यांनी काचेच्या बाटलीत ठेवलेली गाठ दाखवली. भिजलेल्या हरभऱ्याएवढी. गुलाबी-तपकिरी, गुळगुळीत. दोनदा हात फिरवूनही लागली नव्हती, तिसऱ्यांदा बोटाला लागली, असं ते म्हणाले. भाऊंनी बाटलीच्या काचेला बोट लावलं. एवढीशी, ते म्हणाले.

मग ताप आला, टाके चिघळले, आठ दिवस अक्का जगते की जाते अशी होती. मी तिच्या खाटेखाली चटई टाकून राहिले. दहाव्या दिवशी सकाळी मी तिचं तोंड पुसत होते तेव्हा ती म्हणाली, "भूक लागनी." मी घाबरून तिचे तळहात चाचपले. कोरडे होते. गरम होते. तिला नुसती भूक लागली होती, सगळ्यांना लागते तशी.

गावी परतलो तेव्हा पहिल्या मंगळवारी बायका सवयीनं ओट्यावर येऊन बसल्या. अक्कानं त्यांना चहा दिला आणि सांगितलं की आता काही येत नाही. दोन-तीन मंगळवार त्या आल्या, मग येईनाशा झाल्या. मला वाटलं होतं तिला बरं वाटेल. एकदा भाकरी थापता थापता ती म्हणाली की त्या बाया बिचाऱ्या दुःख सांगायला यायच्या, आता कुठे जात असतील? पुढे ती स्वतःच त्यांच्या घरी जायला लागली. कुणाच्या सुनेला समजव, कुणाच्या मुलीला माहेरी आणव. देवीच्या तोंडून जे निघत होतं त्यापेक्षा तिचं शुद्धीतलं बोलणं पुष्कळ कामाचं होतं, पण नारळ मात्र कुणी फोडला नाही.

आबा त्यानंतर तीन वर्षांनी गेले, पायाच्या जखमेनंच. पुढे आम्ही जळगावला आलो, पिंप्राळ्याच्या बाजूला घर केलं. डॉक्टरांची भेट शेवटची कधी झाली ते आठवत नाही. अक्का सत्तरी ओलांडून गेली.

तिच्या कितीतरी आठवणी आहेत, पण एक पुन्हा पुन्हा येते. मुंबईहून आल्यानंतरचा चैत्र. तिच्या भावाच्या मुलीचं लग्न होतं आणि तिला माहेरी जायचं होतं. दोन वर्षं तिला एकटीला कुणी वेशीबाहेर जाऊ दिलं नव्हतं. भाऊ बरोबर निघाले तर तिनं त्यांना बसवलं, बैलगाडी जुंपली आणि कासरा स्वतःच्या हातात घेतला. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर घट्ट. मी वेशीपर्यंत गेले. वाटेत तिनं एकदाही मागे वळून पाहिलं नाही. निंबाच्या झाडांखालून गाडी धुरळा उडवत गेली, बैलांच्या घुंगरांचा आवाज वळणावर विरला, आणि मी उन्हात उभीच होते.